फ्रीजमधील दुर्गंधी : वास घालवा, पण नाकावर विसंबू नका

पावसाळ्यातील गोष्ट. बोईसरच्या एका घरातील आजी आणि दोन नातवंडे उलट्या-जुलाबांनी हैराण होऊन दवाखान्यात आली. काय खाल्ले होते, असे विचारताच सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेरचे काहीच नाही हो. फ्रीजमधलेच कोळंबीचे कालवण आणि भात होता. वास घेऊन पाहिला, चांगला उकळला, मगच वाढला."

अधिक चौकशी केल्यावर उलगडा झाला. आदल्या रात्री वादळी पावसात वीज गेली होती, ती सकाळीच आली. शिवाय फ्रीजला वास येतो म्हणून दोन दिवसांपूर्वी आत लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या. त्यामुळे दार उघडले की लिंबाचा सुवास! मंडळी बरी झाली; पण या प्रसंगातून सर्वांनी शिकण्यासारखे आहे.

वास कुठून येतो?

फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. समुद्रातील माशांच्या अंगात असलेल्या एका द्रव्याचे जंतूंमुळे ट्रायमेथिलअमाइन बनते. माशाचा तो ओळखीचा उग्र वास याचाच. दूध-दह्याचा आंबूस वास आम्लांचा असतो, तर कोबी, कांदा, लसूण यांचा वास गंधकयुक्त द्रव्यांचा. कोपऱ्यात विसरलेले पिकलेले चिकू आंबून दारूसारखा वास येतो, आणि दाराच्या रबरात साठलेल्या बुरशीमुळे कुबट वास येतो. हे वास आतल्या प्लॅस्टिकमध्ये मुरतात. म्हणून पदार्थ फेकल्यावरही ते रेंगाळतात.

नाक का फसते?

तारापूर औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना याचा अनुभव असेल. पाहुणा आला की म्हणतो, "इथे कसला वास येतोय?" आणि घरच्यांना मात्र तो जाणवतही नाही. एकाच वासात सतत राहिल्यावर नाक थकते. आपल्या फ्रीजचा वास आपल्याला कळत नाही, तो शेजारणीला कळतो, याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगळे. विषबाधा करणारे अन्न दिसायला, वासाला, चवीला अगदी नेहमीसारखे असू शकते. शिळ्या भातात आणि हात लागलेल्या पदार्थांत काही जंतू असे विष सोडतात की ते उकळूनही नष्ट होत नाही. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोके दुखते.

सफाईचा क्रम

1. आधी प्लग काढा. सर्व पदार्थ बाहेर काढून शंकास्पद ते टाकून द्या. मूळ पदार्थ आत ठेवून सुगंधी उपाय करणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

2. कप्पे, भाजीचा ट्रे साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवा. काचेचा कप्पा थंड असताना गरम पाणी ओतू नका, तडा जातो.

3. आतल्या भिंती एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा.

4. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. पाणी निघून जाण्याचे छिद्र आणि फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ पाणी साठण्याचा ट्रे पाहा. पुष्कळदा दुर्गंधीचे मूळ तिथेच सापडते.

5. कोरड्या फडक्याने पुसून दार काही तास उघडे ठेवा. लहान मुले घरात असतील तर तेवढा वेळ लक्ष ठेवा.

बर्फ सुरीने खरवडू नका. आतील नळी फुटते आणि हल्लीच्या अनेक फ्रीजमधील वायू ज्वालाग्राही असतो. ब्लीचिंगचे द्रावण व्हिनेगर किंवा संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

कोणत्या वासावर काय?

माशाच्या वासावर आंबट उपयोगी पडते. मासे करताना आपण चिंच, कोकम, लिंबू लावतो ते यासाठीच. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे. दुधाच्या आंबूस वासावर खाण्याचा सोडा चांगला. उघड्या वाटीत ठेवला तरी तो थोडा वास शोषतो. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास दोघांचेही काम संपते. मुरलेल्या वासासाठी सक्रिय कोळसा उत्तम, तो नसल्यास चुरगळलेले वर्तमानपत्र दोन-तीन दिवस आत ठेवून बदलत राहावे.

आपल्या भागासाठी विशेष

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. या दिवसांत घरोघरी सुके बोंबील, जवळा, सोडे निघतात. दमट हवेमुळे ते फ्रीजमध्ये ठेवायचे असतील तर कोरडे करून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावेत. सातपाटीहून आणलेला ताजा सरंगा लगेच साफ करून, धुऊन, बंद डब्यात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचे पाणी शिजलेल्या अन्नात गळणार नाही. तो एक-दोन दिवसांत संपवा.

मे महिन्यात गावी जाताना कामगार वसाहतींतील अनेकजण फ्रीज बंद करून दार लावून जातात. परतल्यावर काळी बुरशी स्वागताला असते. फ्रीज रिकामा करून, पुसून, दारात फडक्याची घडी अडकवून थोडी फट ठेवावी.

वीज गेली तर

दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण 4 तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर शिजलेले अन्न, मासे, मटण, दूध हे वास न घेता, चव न पाहता टाकून द्यावे. एका दाराच्या फ्रीजमधील छोट्या बर्फाच्या कप्प्यावर फार विसंबू नये. एरवीही आतले तापमान 5 अंश सेल्सिअसच्या आत असावे. साधा तापमापक ठेवला तर ते कळते. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

तरीही उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. तान्हे बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध यांना किंवा जुलाबात रक्त, लघवी कमी, सुस्ती दिसल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा.

सूनबाईंनी जाताना विचारले, "मग लिंबू ठेवायचे की नाही?" जरूर ठेवा. पण अन्न टाकायचे की खायचे, हे लिंबाला किंवा नाकाला विचारू नका, घड्याळाला विचारा.