जुन्या ट्रॅक्टरवर जादा दिवे बसविताना वायरिंग कसे करावे?

उन्हाळ्यात दुपारचे ऊन टाळण्यासाठी नांगरट रात्री केली जाते. रब्बीत वाफसा निघून जाण्यापूर्वी रोटाव्हेटर व पेरणी उरकावी लागते. मळणीच्या दिवसांत आभाळ भरून आले की मळणी यंत्र रात्रभर चालवावे लागते. अशा वेळी ट्रॅक्टरचे मूळ दिवे पुरे पडत नाहीत. वीस-तीस वर्षांच्या जुन्या ट्रॅक्टरचे पुढचे दिवे क्षीण झालेले असतात आणि मागील औजारावर जेमतेम उजेड पडतो. म्हणून बरेच शेतकरी बाजारातून दिव्यांची जोडी आणतात, मुख्य दिव्याच्या बटणावरून वायर ओढतात आणि दिवे लावतात.

दिवे लागतात खरे. पण जुने बटण व जुनी वायर यांच्यावर दुप्पट भार पडतो. बटण तापते, वायरचे आवरण मऊ होऊन वितळते आणि एखाद्या रात्री वायर पत्र्याला चिकटून ठिणगी उडते. ट्रॅक्टर ज्या जागी काम करतो तेथे उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा सोयाबीनची गंजी असते, आणि डिझेलची टाकीही जवळच असते. एका वायरच्या चुकीमुळे ट्रॅक्टर व हंगामाचा माल दोन्ही जळू शकतात. म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवावा : जादा दिव्यांचा प्रवाह बॅटरीकडून स्वतंत्र वायरने, फ्यूज व रिलेमार्फतच घ्यावा. जुन्या बटणावरून घेऊ नये.

आधी हिशेब, मग खरेदी

दिव्याची वॅट संख्या भागिले बॅटरीचे व्होल्ट म्हणजे त्या दिव्याला लागणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर ५५ वॅटच्या एका हॅलोजन दिव्याला ४.६ अँपिअर आणि दोन दिव्यांना ९.२ अँपिअर लागतात. १८ वॅटच्या दोन एलईडी दिव्यांना मात्र केवळ ३ अँपिअर पुरतात.

हा प्रवाह चार्जिंग यंत्रणेतून यावयास हवा. जुन्या ट्रॅक्टरवर डायनामो असेल तर त्याची क्षमता साधारणपणे ११ ते २२ अँपिअर असते, तीही इंजिन पुरेशा वेगाने चालत असताना. अल्टरनेटरची क्षमता यापेक्षा बरीच जास्त असते. नेमका आकडा यंत्रावरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात पाहावा.

एक उदाहरण घेऊ. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे धरले तर ७.५ अँपिअर, मागील व इतर लहान दिव्यांचे सुमारे १.५ अँपिअर, असे मूळ दिव्यांचे ९ अँपिअर झाले. त्यात हॅलोजनची जोडी जोडली की एकूण १८.२ अँपिअर होतात. डायनामो ११ अँपिअरचा असेल तर ७.२ अँपिअरची तूट बॅटरीतून भरून निघते. आठ तासांच्या कामात ही तूट ५७ अँपिअर-तासांपेक्षा जास्त होते. ८८ अँपिअर-तासांची चांगली बॅटरीही एवढ्याने इतकी उतरते की इंजिन बंद केल्यास सेल्फ मारणे कठीण जाते. अशा ट्रॅक्टरवर एलईडी दिवे घ्यावेत. मग एकूण भार १२ अँपिअरच्या आसपास राहतो, आणि शेतात काम करताना रस्त्यासाठीचे पुढचे दिवे बंद ठेवले तर तूट मुळीच पडत नाही.

वायर जाड का हवी?

पातळ वायरमधून जास्त प्रवाह गेला की विद्युत दाब वायरमध्येच खर्ची पडतो. समजा, बॅटरीपासून दिव्यापर्यंत ४ मीटर व परतीची ४ मीटर, अशी ८ मीटर तांब्याची वायर १ चौरस मि.मी. जाडीची आहे. तिच्यातून ९.२ अँपिअर गेले तर सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे दाब सुमारे दहा टक्के घटतो. परंतु हॅलोजन दिव्याचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. हीच वायर २.५ चौरस मि.मी. जाडीची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. पुष्कळदा दिवा मंद वाटतो म्हणून शेतकरी १०० वॅटचा बल्ब टाकतात. त्याने प्रवाह वाढतो, वायर आणखी तापते आणि होल्डर जळतो. दोष बल्बचा नसून वायरचा असतो.

घरगुती वायरिंगची एकेरी जाड तार ट्रॅक्टरवर वापरू नये. इंजिनच्या थरथरीने ती आतून तुटते. अनेक बारीक तारांची, वाहनासाठी मिळणारी लवचिक वायरच घ्यावी.

लागणारे साहित्य

५५ वॅटच्या दोन हॅलोजन दिव्यांसाठी पुढील साहित्य पुरते.

१. १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चार पायांचा रिले व त्याचा सॉकेट.
२. १५ अँपिअरचा फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरसह. सोबत दोन जादा फ्यूज.
३. बॅटरी ते रिले व रिले ते दिव्यांच्या फाट्यापर्यंत २.५ चौरस मि.मी. वायर, फाट्यापासून प्रत्येक दिव्यापर्यंत १.५ चौरस मि.मी. वायर.
४. बटणासाठी १ चौरस मि.मी. वायर व धूळ-पाण्यापासून बंदिस्त असलेले बटण.
५. तांब्याचे लग, वायरवर चढविण्याची नळी, रबरी बुश व वायर बांधण्याच्या पट्ट्या.

१८ वॅटच्या दोन एलईडी दिव्यांसाठी ५ अँपिअरचा फ्यूज व १.५ चौरस मि.मी. वायर पुरेशी होते. एलईडीची लाल व काळी वायर उलटी जोडू नये. उलटी जोडल्यास दिवा लागत नाही, क्वचित निकामीही होतो.

रिलेचे काम

रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. आपण हाताने दाबतो त्या बटणातून जेमतेम पाव अँपिअरच्या आत प्रवाह जातो. त्या प्रवाहाने रिलेमधील लोहचुंबक आतला जाड खटका ओढतो आणि दिव्यांचा मोठा प्रवाह त्या खटक्यातून जातो. कालव्याचे मोठे दार लहान चाक फिरवून उघडावे तसे हे आहे. त्यामुळे बटण तापत नाही आणि जाड वायर डॅशबोर्डपर्यंत नेण्याची गरज राहत नाही.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. त्यांची जोडणी अशी करावी.

पाय ३० : बॅटरीच्या धन टोकाकडून, फ्यूजमार्फत.
पाय ८७ : दिव्यांकडे.
पाय ८६ : बटणाकडून येणारी वायर.
पाय ८५ : ट्रॅक्टरच्या सांगाड्याला अर्थ.

बटणाला प्रवाह किल्लीच्या पुढील व फ्यूज असलेल्या वायरवरून घ्यावा. म्हणजे किल्ली बंद करताच जादा दिवेही बंद होतात आणि विसरून रात्रभर चालू राहत नाहीत.

काम करण्याची पद्धत

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे ते पाहावे. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ऋण टोक जोडलेले असते. परंतु डायनामो असलेल्या काही फार जुन्या यंत्रांत धन टोक सांगाड्याला असते. तसे आढळल्यास पुढील जोडणी स्वतः न करता जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

सांगाड्याला जोडलेले टोक प्रथम सोडावे व काम संपल्यावर शेवटी जोडावे. हा क्रम उलटा झाला आणि पान्याचा स्पर्श पत्र्याला झाला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो. म्हणून जवळ बिडी-सिगारेट ओढू नये.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १५ ते २० सें.मी. च्या आत बसवावा. फ्यूज दिव्याजवळ बसविला तर बॅटरी ते फ्यूज ही सगळी वायर संरक्षणावाचून राहते. ती मध्येच कोठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर लालबुंद होते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार, चांदी किंवा मोठा फ्यूज कधीही घालू नये. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर वायर कोठे घासली आहे ते शोधावे.

वायर सायलेन्सर व पट्ट्यापासून दूर न्यावी आणि दर २५-३० सें.मी. वर बांधावी. पत्र्याच्या भोकातून नेताना भोकात रबरी बुश घालावा, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते. स्टिअरिंग व लिफ्टच्या हलणाऱ्या भागांजवळ थोडी ढील ठेवावी. वायरला पीळ देऊन नुसती टेप गुंडाळलेला जोड धुळीत व उन्हात टिकत नाही. लग दाबून बसवावेत किंवा जोडाला डाख द्यावा व वर नळी चढवावी.

दिवा लुकलुकणे किंवा मंद लागणे याचे सर्वांत मोठे कारण खराब अर्थ हे असते. रंगविलेल्या मडगार्डावर नट आवळला म्हणजे अर्थ झाला असे नव्हे. जागा घासून चकचकीत धातू दिसू द्यावा, लग घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावे. शक्य असल्यास दिव्याची परतीची वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी.

दिवे कोठे व कसे बसवावेत?

मागील दोन दिवे मडगार्डावर किंवा छताच्या मागील कोपऱ्यांवर बसवून त्यांचा रोख औजार व जमीन यांवर ठेवावा. चालकाच्या डोळ्यांत थेट उजेड येता कामा नये. उलटल्यास चालकाचा जीव वाचविणारी संरक्षक चौकट असेल तर तिला भोक पाडू नये. त्याने ती कमकुवत होते. तेथे क्लॅम्प वापरावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत; बोटांच्या तेलकटपणामुळे बल्ब लवकर जातो.

काम झाल्यावर तपासणी

इंजिन कामाच्या वेगावर ठेवून सर्व दिवे लावावेत. मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या टोकांवर व नंतर दिव्याच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा फारसा फरक नसावा. जास्त असल्यास जोड व अर्थ तपासावेत. बॅटरीवरील दाब १३.५ व्होल्टच्या वर राहिला तर चार्जिंग पुरेसे आहे. तो साडेबाराच्या आसपास उतरत असेल तर भार जास्त झाला असे समजून एक दिवा कमी करावा किंवा एलईडी वापरावेत. दहा मिनिटांनी फ्यूज होल्डर, रिले व बटण हाताने चाचपावे. एखादी जागा चटका बसण्याइतकी तापली असेल तर तेथील जोड सैल आहे. पुढे दर महिन्यास व हंगामापूर्वी एकदा सर्व वायर नजरेखालून घालावी. गोठ्यात-कोठारात उंदीर आवरण कुरतडतात.

रस्त्यावर जाताना

हे दिवे शेतातील कामासाठी आहेत. डांबरी रस्त्यावर येताच ते बंद करावेत. मागील पांढरा झोत पाठीमागून येणाऱ्याचे डोळे दिपवितो आणि त्याला ट्रॉली दिसतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वाहनाच्या पुढे स्पॉट लाईट लावण्यावरही बंधन घातलेले आहे. रस्त्यावर आपला व दुसऱ्याचा जीव वाचवितो तो ट्रॉलीचा लाल दिवा व लाल परावर्तक. उसाने भरलेल्या ट्रॉलीवर पाचट लोंबून ते झाकले जातात, म्हणून निघण्यापूर्वी मागे जाऊन ते पाहावेत. जादा दिव्यांवर खर्च करण्यापूर्वी ट्रॉलीचे बंद पडलेले मागचे दिवे सुरू करून घ्यावेत.

लक्षात ठेवा

• दिवे घेण्यापूर्वी डायनामो किंवा अल्टरनेटरची क्षमता पाहा.
• फ्यूज बॅटरीजवळ आणि योग्य आकड्याचाच लावा.
• दिव्यांचा प्रवाह रिलेतून न्या, बटणातून नको.
• अर्थ चकचकीत धातूवर घट्ट करा.
• ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडा.

एका फ्यूजची व रिलेची किंमत डिझेलच्या एका फेरीपेक्षा जास्त नसते. तेवढ्या खर्चात रात्रीचे काम उजेडात होते आणि ट्रॅक्टर सुखरूप घरी येतो.