बाबूस पत्र : कठीण खेळ खंयचो?

सावंतवाडी

चि. बाबू यास,


कबड्डीच्या संघातली मुलं आणि मालवणच्या चिवल्याच्या किनाऱ्यावर पोहायला जाणारी मुलं यांच्यात जुंपलेला वाद तू कळवलास. एक बाजू म्हणते, चढाईला गेलं की सात जण अंगावर येतात, पोहणं म्हणजे काय, नुसते हातपाय मारायचे. दुसरी बाजू म्हणते, पाच किलोमीटर समुद्र कापून दाखवा, मग बोला. तू दोन्हीकडचा, म्हणून दोन्हीकडून बोलणी खातोयस. ‘खंयचो खेळ सगळ्यात कठीण?’ हा तुझा प्रश्न एका ओळीत सुटणारा नाही, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

हा वाद फक्त मालवणातला नाही. अमेरिकेतल्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २००४ साली त्याचा रीतसर निकाल लावून पाहिला. साठ खेळ घेतले आणि दहा कसोट्या ठरवल्या : दमसास, ताकद, झटका, वेग, चपळाई, लवचीकपणा, धाडस, मार सोसण्याची तयारी, हात-डोळ्यांचा मेळ आणि डाव ओळखणारी बुद्धी. आठ जाणकारांनी प्रत्येक खेळाला प्रत्येक कसोटीवर दहापैकी गुण दिले आणि त्यांची बेरीज झाली. मुष्टियुद्ध ७२.३७५ गुण मिळवून पहिलं आलं. त्यामागून बर्फावरची हॉकी, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल. कुस्ती पाचवी. नेमबाजी शेवटच्या तीनांत. आणि साठावी, अगदी तळाला, मासेमारी.

तिथली मासेमारी म्हणजे गळ टाकून खेळायची हौशी स्पर्धा, हे ध्यानात घ्यायला हवं. तरीही ज्याने आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे, त्याला तो साठावा क्रमांक पटणार नाही. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेलं असतं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला बायामाणसांची रांग, टाचा वाळूत रोवून मागे रेललेली. प्रत्येक लाट जाळं परत आत खेचते. मधेच हात सैल पडले तर मासळी जाते आणि सगळ्यांचाच वाटा बुडतो. त्या आठ जाणकारांना तासभर त्या दोराला लावलं असतं, तर दमसासाचे आणि ताकदीचे गुण त्यांनी नक्की वेगळे दिले असते.

त्या साठ खेळांत कबड्डी नाही, खो-खो नाही, मल्लखांब नाही. क्रिकेटसुद्धा नाही. घोड्यावरून झेप टाकून बैलाला शिंगांना धरून लोळवण्याचा अमेरिकी खेळ मात्र आहे. यादी करणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचे खेळ मोजले, त्यात त्यांचा दोष नाही. तुझे मित्रही तेच करतायत, जो खेळ आपण खेळतो त्याचे कष्ट त्यांना अंगावर कळतात आणि दुसऱ्याच्या खेळातलं फक्त दिसतं तेवढंच मोजलं जातं.

यादीतली खरी अडचण बेरजेची आहे. नेमबाजाला वेग लागत नाही, झटका लागत नाही, म्हणून त्याच्या खात्यात फार कमी गुण पडले आणि खेळ तळाकडे गेला. पण पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी काय घडलं ते आठव. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत उतरला. गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून गोळ्या झाडायच्या. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, तुझ्या करंगळीच्या नखाएवढं. हातातली रायफल कित्येक किलोंची. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, आणि छातीतल्या ठोक्यानेही नळी हलते म्हणून तोही सांभाळायचा. कुसाळेने ४५१.४ गुण केले आणि कांस्यपदक आणलं. खाशाबा जाधवांनंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला महाराष्ट्रीय. खाशाबांचं कुस्तीतलं पदक १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं, म्हणजे मध्ये ७२ वर्षं गेली. ज्या खेळाला त्या यादीत अठ्ठावन्नावी जागा मिळाली, त्यात पदक मिळवणं इतकं अवघड होतं.

इथे तुमच्या भांडणाची गाठ सापडते. खेळ पुरा करणं कठीण आणि खेळ जिंकणं कठीण, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रायफल हातात घेऊन साठ गोळ्या कोणीही झाडू शकतो, पण त्या सगळ्या नखाएवढ्या वर्तुळात बसवणारी माणसं जगात मोजकी. समुद्रातले पाच किलोमीटर याच्या उलट आहेत. तिथे पहिला नंबर राहू दे, नुसतं पैलतीराला लागणं हेच बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं. तुझ्या पोहणाऱ्या मित्रांच्या डोक्यात पुरं करण्याचे कष्ट आहेत, कबड्डीवाल्यांच्या डोक्यात जिंकण्याचे. दोघेही खरं बोलतायत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

आता कबड्डीकडे पाहू. मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे समोरच्यांच्या अंगणाची खोली साडेसहा मीटर. चढाईला तीस सेकंद. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट ऐकू यायला हवं, निदान रेषा ओलांडायची, जमलं तर बोनस, आणि कोपऱ्यातला रक्षक घोट्यावर झेप घेणार त्याच्या आधी मध्यरेषेकडे वळायचं. फुप्फुसं हवा मागत असतात आणि तोंड ती बाहेरच टाकत असतं. अशा चढाया वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत पुन्हापुन्हा. साहित्याचा खर्च नाही, त्यामुळे गल्लीतलं प्रत्येक पोर कबड्डी खेळतं, आणि म्हणूनच वर चढणं भयंकर अवघड होतं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिची प्रात्यक्षिकं दाखवली, १९९०ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती आली. बुवा साळवींसारख्या कबड्डीच्या संघटकांनी जन्म घातला तेव्हा ती आशियाई स्पर्धेपर्यंत पोचली. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

समुद्रात श्वासाची शिस्त वेगळीच. हवा हवी तेव्हा मिळत नाही, हाताच्या आवर्तनात तोंड बाहेर येईल तेवढ्यातच घ्यायची, आणि नेमकी तेव्हाच लाट आली तर पुढच्या आवर्तनापर्यंत थांबायचं. तलावात पंचवीस किंवा पन्नास मीटरवर भिंत मिळते, पायाखाली काळी रेघ असते; समुद्रात दोन्ही नाहीत. दर डिसेंबरात चिवल्याला राज्यभरातले जलतरणपटू सागरी स्पर्धेसाठी येतात. त्यांतले तलावात सराव केलेले सुरुवातीला गोंधळतात ते भिंत आणि रेघ नसल्यामुळेच. मान वर काढून खूण शोधायची, करंट बाजूला नेत असेल तर तिरकं पोहायचं, खारं पाणी घशात गेलं तरी लय मोडायची नाही. पुण्याच्या रोहन मोरेने इंग्लिश खाडीसह जगातले सात कठीण सागरी मार्ग पोहून २०१८च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत ती मालिका पुरी केली, आशियातला पहिला म्हणून. थंड पाण्यात तासन्‌तास, समोर किनारा दिसत असूनही जवळ येत नाही, अशी ती पोहणी.

पोहणं हलकं समजणाऱ्या तुझ्या मित्राला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांग. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट त्याने पाहिला असेलच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्यात मुष्टियोद्धा होता, म्हणजे यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळातला. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. पोहायला सुरुवात केली ती उपचार म्हणून. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. मुष्टियुद्ध अवघड की पोहणं, हे विचारायचा अधिकार ज्याला सर्वांत जास्त, त्याला परिस्थितीने एका खेळातून उचलून दुसऱ्यात टाकलं, आणि तो तिथेही जगात पहिला आला. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडावं लागलं, याचं वाईट वाटतं.

आणखी दोघांची नावं तुझ्या वहीत असू देत. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात सियाचिनला राहून आला आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याचं सुवर्ण हुकलं, केनियाचा धावपटू पाच शतांश सेकंदांनी पुढे होता. दुसरा नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी चांदवड तालुका, विहिरींच्या कामावर मजुरी, सैन्यात जाईपर्यंत नौकानयन कधी पाहिलंही नव्हतं आणि पाण्याची भीती होती. रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ला, एकट्याच्या वल्हवण्यात तो जगात तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथला मुलगा पाण्यावरच्या खेळात तिथवर जातो, आणि आपल्या दारात समुद्र आहे. हे टोचावं म्हणूनच लिहितोय.

माझा स्वतःचा कौल विचारशील, तर मी एक वेगळी कसोटी लावतो : दमल्यावर थांबता येतं का? कबड्डीत बाद झालेला बाजूला बसतो, खो-खोत तुकडी बदलते, धावणारा ट्रॅकबाहेर पाऊल टाकू शकतो. मुष्टियुद्धात आणि कुस्तीत समोरचा थांबू देत नाही. हेलसिंकीला खाशाबांना जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर विश्रांतीचा नियम असतानाही लगेच सोविएत मल्लासमोर उभं केलं गेलं, आणि त्यांच्या बाजूने बोलायला तिथे भारतीय अधिकारी नव्हता. समुद्रात तर थांबण्यासाठी जमीनच नाही. स्पर्धेत बचावाच्या होड्या असतात, पण त्यांच्याकडे हात करायचा नाही हे पोहणाऱ्याने स्वतःशी ठरवलेलं असतं. म्हणून पुरं करण्याच्या बाबतीत खुला समुद्र, मुष्टियुद्ध आणि कुस्ती हे मला सर्वांत वरचे वाटतात. जिंकण्याच्या बाबतीत मात्र मी कोणत्याच खेळाला वर-खाली लावणार नाही. नेमबाजीलाही नाही.

आता तुझ्यापुरतं. यंदा दोन्ही खेळ चालू ठेव, एक सोडायची घाई करू नकोस. चढाईतला दम पोहण्याने वाढतो, आणि कबड्डीने पायांत येणारा झटका समुद्रात लाटेतून निघताना कामी येतो. तुझं वय वाढीचं आहे, एकाच खेळाचा एकाच सांध्यावर ताण आत्ताच नको. कबड्डीच्या किशोर गटाला वजनाची मर्यादा असते, म्हणून वजनाआधी दोन दिवस उपाशी राहणारी, पाणी न पिणारी मुलं मी शाळेत पुष्कळ पाहिली आहेत. मैदानावर त्यांना चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात. तू तसलं काही केल्याचं कळलं तर संघातून नाव काढायला मी स्वतः येईन. वजन बसत नसेल तर वरच्या गटात खेळ, मार खा, शिक.

समुद्राच्या बाबतीत मी मऊ बोलणार नाही. जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊल नाही. होड्या चालवणारे तांडेल लोक भर पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, ते समुद्राला तुझ्या मित्रांपेक्षा जास्त ओळखतात. बाकीच्या महिन्यांतही एकट्याने कधी नाही. पैजेवर तर मुळीच नाही. या वादाचा निकाल लावायला म्हणून कोणी समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत पोहून जायची गोष्ट काढली, तर तिथल्या तिथे नाही म्हण. कबड्डीत चूक झाली तर एक गुण जातो, इथे तसं नाही.

दोन्ही टोळ्यांना एक काम लाव. एका रविवारी कबड्डीवाल्यांनी चिवल्याला प्रशिक्षकांसमोर, किनाऱ्यालगत, दोनशे मीटर पोहावं, आणि पोहणाऱ्यांनी संध्याकाळी मैदानात प्रत्येकी पाच चढाया कराव्यात. भरती-सुकतीची वेळ आधी तांडेलाला विचार, आईला सांगितल्याशिवाय घरातून निघू नकोस, आणि कोण किती टिकलं ते मला कळव.

तुझा,
मामा