शिडाच्या होड्यांची शर्यत

विद्यार्थ्यांनो, क्रिकेटच्या मैदानावर पंच उभा असतो. कबड्डीतही पंच असतो. खेळाडू चुकला की पंच लगेच निर्णय देतो. पण ज्या खेळाचे मैदान म्हणजे उघडा समुद्र, तिथे पंच कुठे उभा राहणार? शिडाच्या होड्यांची शर्यत हा असाच एक खेळ आहे. १९८२ च्या आशियाई खेळांतील या शर्यती आपल्या मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या.

या होडीला इंजिन नसते. वारा शिडात भरतो आणि होडी पुढे जाते. वारा समोरून येत असेल, तर होडीला सरळ जाता येत नाही. ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे तिरकी जाते आणि अशी वळणे घेत पुढे सरकते. त्यामुळे दोन होड्या अनेकदा एकमेकींच्या वाटेत येतात. अशा वेळी कोणी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे, हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेले आहे.

एक नियम पाहू. एका होडीला वारा उजव्या बाजूने लागतो आणि दुसरीला डाव्या बाजूने. अशा दोन होड्या समोरासमोर आल्या, तर पुढे जाण्याचा हक्क पहिलीचा असतो. दुसरीने बाजूला व्हायचे असते. नियम सोपा वाटतो ना? पण ‘बाजूला होणे’ म्हणजे नेमके काय? होड्या एकमेकींना लागल्या नाहीत, म्हणजे नियम पाळला गेला का? नाही. हक्क असलेल्या होडीला आपली वाट बदलावी लागू नये, असा या शब्दांचा अर्थ आहे. टक्कर टाळण्यासाठी तिलाच वळावे लागले, तर धक्का न लागताही नियम मोडला जातो.

मग हक्क असलेल्या होडीने बेधडक जाऊन धडक द्यावी का? तेही चालत नाही. समोरची होडी बाजूला होत नाही हे स्पष्ट दिसले, की टक्कर टाळण्याचा प्रयत्न तिनेही केला पाहिजे, असा दुसरा नियम आहे. म्हणून एकच नियम वाचून चालत नाही. सगळे नियम एकत्र वाचले, तरच त्यांचा खरा अर्थ कळतो.

नियम मोडला तर शिक्षा कोण देतो? बहुतेक शर्यतींत खेळाडू स्वतःच! आपली चूक लक्षात येताच तो होडीसह पाण्यात दोन पूर्ण गोल फेऱ्या मारतो आणि मग पुढे जातो. त्यात त्याचा वेळ जातो, पण त्याची इज्जत राहते. दोघांत वाद असेल, तर शर्यत संपल्यावर निर्णय मंडळ बसते. मंडळ दोन्ही बाजू ऐकते, साक्षीदारांना विचारते आणि निकाल देते.

आता एक खरी हकीकत ऐका. १९८८ साली दक्षिण कोरियात ऑलिंपिक खेळ झाले. शिडाच्या होड्यांच्या शर्यती बुसान शहराजवळच्या समुद्रात होत्या. २४ सप्टेंबर रोजी कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू ‘फिन’ नावाची होडी चालवत होता. या होडीत एकच खेळाडू असतो. लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. वाऱ्याचा जोर वाढला होता आणि समुद्र खवळला होता.

इतक्यात त्याला एक उलटलेली होडी दिसली. ती सिंगापूरच्या दोन खेळाडूंची होती आणि जवळच चाललेल्या दुसऱ्या शर्यतीतली होती. एक खेळाडू होडीला धरून होता. दुसरा पाण्याबरोबर दूर वाहत चालला होता. लेम्यूने शर्यत सोडली आणि होडी वळवली. अशा लाटांत त्याची लहानशी होडीही पाण्याने भरण्याची भीती होती. तरी त्याने दोघांनाही वाचवले आणि मदतीची बोट येईपर्यंत तो त्यांच्याजवळ थांबला. मग तो शर्यतीत परतला. तोवर कितीतरी होड्या पुढे निघून गेल्या होत्या. त्याचा क्रमांक बाविसावा आला.

निर्णय मंडळापुढे प्रश्न आला. शर्यतीत जो ज्या क्रमाने पोहोचतो, तोच त्याचा क्रमांक. मग लेम्यूला बाविसावाच मानायचे का? पण संकटात सापडलेल्याला प्रत्येकाने शक्य ती सर्व मदत केली पाहिजे, हा तर या खेळाचा मूळ नियम! आणि अशा मदतीमुळे कोणाचे नुकसान झाले, तर ते भरून देता येते, असेही पुस्तकात आहे. मंडळाने हे सारे नियम एकत्र वाचले आणि लेम्यूला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक दिला. ही दया नव्हती. हा न्याय होता.

सर्व शर्यतींचे गुण मोजल्यावर लेम्यू अकरावा आला. त्याला सोने, रुपे किंवा कांस्य यांपैकी काहीच मिळाले नाही. मात्र खिलाडूवृत्तीसाठी पिएर द कुबेर्तां पदक देऊन त्याचा गौरव झाला.

विद्यार्थ्यांनो, नियम पाठ करणे सोपे असते. तो कशासाठी केला आहे हे समजणे महत्त्वाचे असते. लेम्यूला ते समजले होते. म्हणून त्या क्षणी त्याला पुस्तक उघडावे लागले नाही.

शब्दार्थ
शीड – वारा अडवून होडी चालवणारे कापड, बादबान
शर्यत – पुढे जाण्याची चढाओढ (उर्दूतील ‘शर्त’ म्हणजे अट किंवा पैज)
खवळणे – रागावणे. (समुद्राला) तुफान येणे
हकीकत – घडलेली गोष्ट
खिलाडूवृत्ती – खेळात सचोटीने व मोठ्या मनाने वागणे

स्वाध्याय
१. दोन होड्या समोरासमोर आल्यास पुढे जाण्याचा हक्क कोणाचा असतो?
२. धक्का न लागताही नियम कसा मोडला जातो?
३. ‘ही दया नव्हती, हा न्याय होता,’ असे लेखक का म्हणतो?
४. वाक्यांत उपयोग करा : बाजूला होणे, वाट बदलणे, गौरव होणे.
५. तुमच्या शाळेतील एखादा नियम घ्या. तो कशासाठी केला आहे, ते पाच ओळींत लिहा.