स्वयंपाकघराचा ओटा आणि सनमायका : निवड कशी करावी?

मित्रांनो, आजचा पाठ फळ्यावरचा नाही, स्वयंपाकघरातला आहे. आमच्या घरी सिंकशेजारच्या लॅमिनेटच्या ओट्याची कड दुसऱ्याच पावसाळ्यात फुगली. वरचा शीट अगदी नव्यासारखा, आतला बोर्ड मात्र भिजलेल्या पावासारखा! तेव्हा लक्षात आलं, आम्ही फक्त रंग निवडला होता. तुमचे पैसे असे पाण्यात जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

लॅमिनेट म्हणजे काय?

आपण सरसकट ज्याला सनमायका म्हणतो (हे खरं तर एका ब्रँडचं नाव), तो मुळात कागद आहे बरं का! फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर, त्यावर मेलामाइन रेझिन दिलेला नक्षीचा कागद. उष्णता आणि दाब देऊन हे सगळं एकजीव करतात. ही रेझिनं म्हणजे उष्मादृढ प्लॅस्टिक. एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. पण हा शीट साधारण १ मिलिमीटर जाडीचा. खरी मदार खालच्या बोर्डावरच!

काय तपासाल?

१. बोर्ड : साधा पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो. प्लायवूडवरचा शिक्का पाहा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार असतात. एमआर फक्त दमटपणा सोसतो, म्हणून ओट्याला तो नको.

२. कडा : पाणी वरून नाही, सांध्यातून शिरतं. सिंकसाठी कापलेली कड आणि भिंतीकडचा सांधा सिलिकॉन सीलंटने बंद करून घ्या.

३. उष्णता : गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ठेवू नका. शीट वितळत नाही, पण करपू शकतो, खालचा गोंदही सुटू शकतो.

४. रंग : फिकट रंगावर हळदीचा डाग राहतो; गडद चकचकीत शीटवर ओरखडे उठून दिसतात. मध्यम रंगाचा मॅट शीट बरा.

करून पाहा

दुकानातून बोर्डाचा छोटा तुकडा मागून घ्या. पट्टीने जाडी मोजा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. जाडी वाढली असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे!

मग निवड काय?

माझं मत सरळ आहे. गॅस आणि सिंकजवळ आपला कडप्पा किंवा ग्रॅनाइटच बरा. मिक्सर, डबे ठेवायच्या कोरड्या बाजूला लॅमिनेट खुशाल लावा. ते हलकं असतं आणि सहसा खर्चही कमी येतो. दुकानात गेलात, की आधी "रंग दाखवा" म्हणू नका, "आत काय आहे?" हे विचारा.

स्वाध्याय : आपल्या ओट्यावर रोज पाणी कुठे साचतं? आज रात्री भांडी घासून झाल्यावर पाहून वहीत नोंदवा.