जुन्या लॅपटॉपवर दुसरी सिस्टिम बसवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही आता अडगळीत जाऊ लागले आहेत. ओळखीच्यांच्या अशा लॅपटॉपवर मी विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंट बसवून देतो. या कामात एक गोष्ट पक्की कळली : बहुतेक अडचणींचं मूळ नव्या सिस्टिममध्ये नसतं, आधीच्या मांडणीत असतं. म्हणून ती मांडणी आधी वाचायची.

१. आधी डेटा, मग बाकी सगळं. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं.

२. बूट मोड जुळवा. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड 'यूईएफआय' आहे की 'लेगसी', ते दिसतं. मिंटचा इन्स्टॉलर असलेला पेन ड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू करावा. हे जुळलं नाही, तर इन्स्टॉलेशन सुरळीत होऊनही दोन्ही सिस्टिम एका मेनूत येत नाहीत.

३. बसवण्याआधी चालवून पाहा. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून, वायफाय, आवाज, टचपॅड तपासावेत. स्क्रीन काळी राहिली तर सुरुवातीच्या मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्यावा. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप्सना वेगळा ड्रायव्हर लागतो. तो उतरवायला मोबाइलचं यूएसबी टेदरिंग हमखास उपयोगी पडतं.

४. डिस्क दिसत नाही म्हणजे ती बिघडली असं नाही. बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असेल, तर इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही. तो 'एएचसीआय' करावा लागतो, पण थेट बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. आधी विंडोज 'सेफ मोड'मध्ये सुरू होईल असं सेट करावं, रीस्टार्ट करताना बायोसमधला मोड बदलावा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावं आणि मग ते सेटिंग काढावं. हा क्रम पाळला की दोन्ही सिस्टिम नीट चालतात.

५. जागा विंडोजमधूनच मोकळी करा. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पार्टिशन लहान करावं. 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं, कारण त्यामुळे शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्स त्या पार्टिशनला हात लावत नाही. जुन्या एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन मावतात. कंपनीने चारही आधीच वापरलेली असतील, तर मोकळी केलेली जागा 'अनयूजेबल' दिसते. अशा वेळी कोणतं पार्टिशन कशासाठी आहे, याची खात्री होईपर्यंत काहीही पुसू नये.

६. मेनूत विंडोज नाही, तरी ते डिस्कवर असतं. ग्रब म्हणजे लिनक्सचा बूट मेनू दाखवणारा प्रोग्रॅम; त्याच्या २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याची सोय मुळात बंद असते. 'ओएस प्रोबर' चालू करून ग्रब अपडेट केलं की विंडोज यादीत येतं. उलट, थेट विंडोजच उघडत असेल तर बायोसमधला बूट क्रम पाहावा.

७. घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर घाबरू नका. लॅपटॉपच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स यूटीसी मानतं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की प्रश्न मिटतो. तारीखच काही वर्षं मागे जात असेल, तर मात्र मदरबोर्डवरचा सेल बदलावा.

८. एका वेळी एकच सेटिंग बदला. बदलण्याआधी त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने बिघडलं तेही कळत नाही आणि कशाने सुधारलं तेही नाही. असा धीर धरणाऱ्याचा जुना लॅपटॉप आणखी काही वर्षं एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाला उपयोगी पडतो. त्यासाठी एक रविवार खर्ची पडला, तरी तो सत्कारणी लागतो.