नोंदींचा क्रम आणि संगणकाची किल्ली

दप्तरात कागद असूनही तो वेळेवर हाती लागला नाही, तर तो नसल्यासारखाच होय. हा अनुभव शेतकऱ्यास, शिक्षकास आणि तलाठ्यास सारखाच परिचित आहे. दप्तरे संगणकावर आली म्हणून ही अडचण आपोआप नाहीशी होत नाही. नोंद सुरक्षित असतानाही ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर का मिळू शकते व ते कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किल्ली आणि नोंद

संगणकीय दप्तराच्या एका प्रकारात प्रत्येक माहितीचे दोन भाग असतात. एक किल्ली, म्हणजे शोधण्याची खूण. आणि दुसरा प्रत्यक्ष नोंद. गूगलने २०११ साली खुला केलेला लेव्हलडीबी आणि त्याच्या आधारे फेसबुकने विकसित केलेला रॉक्सडीबी ही याची उदाहरणे होत. यांत नोंदी किल्लीच्या क्रमाने लावलेल्या असतात. त्यामुळे ‘अमुकपासून अमुकपर्यंत’च्या नोंदी सलग वाचता येतात.

हा क्रम संगणक कसा ठरवितो? त्याला किल्लीचा अर्थ कळत नाही. त्याच्या लेखी किल्ली म्हणजे बाइटांची ओळ, आणि प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधील एक संख्या. दोन किल्ल्या तो डावीकडून एकेक बाइट घेऊन ताडून पाहतो. जेथे पहिला फरक आढळेल तेथे लहान बाइट असलेली किल्ली आधी येते. शब्दकोशात आपण शब्द याच रीतीने शोधतो.

संख्या कशी लिहावी

आता जमिनीच्या सर्व्हे क्रमांकांचे उदाहरण घेऊ. १, २, ९, १०, ११ हे क्रमांक अक्षरांप्रमाणे लिहून किल्ली केली, तर त्यांचा क्रम १, १०, ११, २, ९ असा लागेल. अशा स्थितीत ‘२ ते १०’ हे क्रमांक मागितले, तर आरंभ २ पासून होतो आणि शेवटचा १० तर त्याच्याही मागे राहिलेला असतो. परिणामी एकही नोंद मिळत नाही. यात ना यंत्र बिघडले, ना कोणी कागद फाडला. तरी खातेदार रिकाम्या हाताने परत जातो. चुकीची सूचनाही मिळत नाही, हा यातील मोठा धोका होय.

यावर उपाय असा, की प्रत्येक संख्या ठरावीक बाइटांत लिहावी आणि मोठ्या स्थानाचा बाइट प्रथम ठेवावा. दोन बाइटांत १ म्हणजे (०, १), २५५ म्हणजे (०, २५५) आणि २५६ म्हणजे (१, ०). हा क्रम बरोबर लागतो. मात्र अनेक संगणक आपल्या स्मृतीत लहान स्थानाचा बाइट आधी ठेवतात. तोच जसाच्या तसा उचलला, तर २५६ म्हणजे (०, १) आणि १ म्हणजे (१, ०) होऊन २५६ हा १ च्या आधी बसेल.

ऋण संख्यांना आणखी काळजी लागते. प्रचलित पद्धतीत एका बाइटात उणे १ हा २५५ असा लिहिला जातो. म्हणून तो १२७ च्याही पुढे जातो. सर्वांत डावीकडील बिट उलटविला, की उणे १ चा १२७, शून्याचा १२८ आणि १ चा १२९ होतो. क्रम पुन्हा जुळतो.

गावाचे नाव आणि क्रमांक

किल्लीत अनेकदा गाव व क्रमांक दोन्ही असतात. गोव्यात डिचोली तालुक्यात साळ आहे आणि बार्देशात साळगाव. नाव कोठे संपले याची खूण नसेल, तर ‘साळ’ने आरंभ होणाऱ्या नोंदी मागताच साळगावच्या नोंदीही येतील. यासाठी नावानंतर शून्याचा एक बाइट लिहावा. यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांत शून्य बाइट येत नाही, म्हणून ही खूण निर्धोक आहे. शून्य सर्वांत लहान असल्याने साळच्या सर्व नोंदी साळगावच्या आधी, एकत्र राहतात.

मराठी वर्णमालेचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. शाळेत आपण ह नंतर ळ, क्ष, ज्ञ शिकवितो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि क्ष हा क, हलन्त व ष असा लिहिला जात असल्याने क च्या गटात जातो. वर्णानुक्रमे यादी हवी असल्यास मराठीच्या नियमांनुसार वेगळी क्रमकिल्ली तयार करावी लागते.

काय करावे

किल्लीची रचना मागाहून बदलावयाची झाल्यास सर्व किल्ल्या पुन्हा लिहाव्या लागतात. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वीच अधिकाऱ्यांनी ९ व १०, २५५ व २५६, उणे १ व शून्य, साळ व साळगाव अशा जोड्या घालून क्रम तपासून घ्यावा. शिक्षकांनी १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांकडून एकदा ‘शब्दकोशाप्रमाणे’ आणि एकदा ०१, ०२ असे लिहून लावून घ्याव्यात. फरक मुलांच्या तत्काळ ध्यानी येईल. नोंद जपणे हे अर्धे काम. ती मागणाऱ्याच्या हाती देणे हे उरलेले अर्धे होय.