नवा संगणक आणि मराठी अक्षरे

संगणक विकत घेणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. तरीही कला शाखेच्या विद्यार्थ्याने तो घ्यायचे ठरविले की सल्ला मिळतो तो बहुधा खेळ खेळणाऱ्यांचा किंवा अभियांत्रिकीच्या मुलांचा. आपले काम निराळे आहे. आपण वाचतो, टिपणे काढतो, लिहितो, जुने लिहिलेले हुडकतो. आणि हे सारे मुख्यतः मराठीतून करतो. तेव्हा यंत्र निवडताना ‘किती वेगवान?’ यापेक्षा ‘यात माझे मराठी कसे राहील?’ हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत झाले आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी संगणक आला. त्या निमित्ताने जे वाचले आणि करून पाहिले ते येथे मांडतो.

यंत्राविषयी थोडक्यातच सांगतो. घरात सर्वांना मिळून एकच वापरायचा असल्याने आम्ही लॅपटॉपऐवजी टेबलावरचा घेतला. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. आठ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी एवढे लेखन-वाचनाला पुरते. वाचलेले पैसे पडद्यावर घालावेत. रात्री दोन तास वेलांट्या आणि अनुस्वार न्याहाळणाऱ्या डोळ्यांना त्याचे मोल कळते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून एक छोटा यूपीएसही घेतला.

खरा विचार करावा लागला तो ऑपरेटिंग सिस्टिमचा. ही प्रणाली म्हणजे कचेरीतला हेडक्लार्क समजा. लिहिण्याचा, चित्रांचा वा हिशेबाचा कोणताही प्रोग्रॅम स्वतः कपाट उघडीत नाही. तो अर्ज करतो आणि कागद काढून देणे, परत ठेवणे, छपाईला पाठविणे हे सारे या क्लार्कमार्फत होते. दुकानातील दरपत्रकात काही यंत्रांपुढे ‘डॉस’ असे लिहिलेले असते. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की क्लार्कची नेमणूक तुम्हीच करायची आहे. आम्ही असेच यंत्र घेतले. दुकानदार म्हणाले, “दादा, पाचशे रुपये द्या, विंडोज टाकून देतो.” ही ‘टाकून दिलेली’ प्रत परवान्याची नसते आणि तिच्यात आणखी काय काय टाकलेले आहे हे आपल्याला कळत नाही. म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

आता उरले दोन मार्ग. एक, पैसे भरून परवान्याची विंडोज ११. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे नव्याने ती घेण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग लिनक्सचा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला होता. प्रोग्रॅम कसा लिहिला आहे हे वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि तो दुसऱ्याला देण्याची मोकळीक हे त्या प्रकल्पाचे सूत्र. फुकट मिळणे हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ. या दोहोंच्या आधारावर आज अनेक प्रणाली उभ्या आहेत. त्यांपैकी लिनक्स मिंट मी निवडली. तिची २२ ही आवृत्ती २०२४ साली आली आणि तिला २०२९ पर्यंत पाठबळ आहे.

निवडण्यापूर्वी ती तपासून पाहता येते, ही मला फार मोठी सोय वाटते. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. डिस्कवर काहीही न बसविता दोन दिवस वापरून पाहावे. आवाज येतो का, वायफाय लागते का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर चालतो का, हे तेव्हाच कळते. तोटाही सांगायला हवा. माझी धाकटी बहीण वाणिज्य शाखेला आहे आणि टॅली विंडोजसाठी केलेले आहे. तिचा सराव क्लासमध्येच होतो. तिच्यासारख्याने माझे ऐकू नये.

लिहिण्यासाठी मी इनस्क्रिप्ट कळफलक शिकलो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने अशी त्याची मांडणी आहे. भारतीय लिपींसाठी ही समान रचना असल्याने मराठीचा हात बसला की कन्नड-गुजरातीतही क त्याच कळीवर सापडतो. विंडोजमध्येही हीच मांडणी मिळते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे पहिल्या दिवशी सोपे वाटते हे खरे, पण त्यात प्रत्येक शब्द मनात आधी इंग्रजी लिपीत लिहावा लागतो. मराठीच्या विद्यार्थ्याने हा वळसा का घालावा? मला पंधरा दिवस लागले.

आता ज्या कामासाठी मी ही सारी खटपट केली त्याविषयी. माझ्या आजीने सांगितलेल्या सुमारे दोनशे जात्यावरच्या ओव्या मामाने २००३ साली तालुक्याच्या छापखान्यातील संगणकावर टंकित केल्या होत्या. आजी आता नाही. वहीही पुरात गेली. राहिली ती एक सीडी. ती एकाकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग!

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी साठविले जाई ते इंग्रजी अक्षरच. फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडचा पहिला खंड १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कोणताही असो, क हा क च राहतो.

मग या चिन्हाऐवजी ते अक्षर असा तक्ता केला की काम झाले, असे वाटेल. तसे होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात. ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी येते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे क च्या नंतर. रफाराचे याच्या उलट. ‘मूर्ती’त तो जुन्या पद्धतीत अगदी शेवटी येतो, युनिकोडला मात्र त च्या आधी र् हवा. रूपांतर करणारा प्रोग्रॅम वेलांटी ओलांडून रफार मागे नेण्यास चुकला की ‘मूतीर्’ आणि ‘धामिर्क’ असे शब्द जन्माला येतात. जुन्या मराठी संकेतस्थळांवर ते आजही भेटतात.

रूपांतरानंतर आणखी एक गंमत झाली. ‘वाऱ्या’ हा शब्द मी शोधला, तर समोर दिसत असूनही संगणक ‘नाही’ म्हणाला. हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला निरनिराळे. ‘ॲ’चेही तसेच. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीचे लोक अ वर चंद्र देत. म्हणून मी साऱ्या फाईलीत एकच तऱ्हा ठेवली. शुद्धलेखन तपासण्याची सोय मात्र बंद केली, कारण आजीच्या बोलीतील निम्म्या शब्दांखाली लाल रेघ येत असे आणि ते शब्दच तर मला राखायचे होते.

आतापर्यंत एकशे चाळीस ओव्या मावशीसमोर वाचून तपासल्या. काही ठिकाणी मामाने मुळातच वेगळे लिहिले होते, तेथे तिने म्हणून दाखविलेला पाठ खाली टीपेत घेतला आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशा जुन्या सीडी असतील, तर त्या उतरवून घेताना फॉन्टचे नाव कागदावर अवश्य लिहून ठेवावे. फॉन्टची फाईल मिळाली तर तीही सोबत ठेवावी. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो, आणि नाव ठाऊक नसेल तर तो एकेक अक्षर ओळखून बसवावा लागतो. माझ्याकडचा तक्ता मी विभागातील संगणकावर ठेवला आहे.